सीट सगळ्यात शेवटी

एप्रिलच्या शेवटी मुंबई सेंट्रलहून सुटणाऱ्या अवंतिका एक्सप्रेसमध्ये गळ्यात जाड काळा रबरी हार घालून बसलेली एखादी मुलगी तुम्हाला दिसली असेल, तर ती मी होते. तो हार म्हणजे १९७६ सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या काचेचं रबर. घडी घातली तर त्याला कायमची मोड पडते, बॅगेत ते मावत नाही आणि बर्थखाली ठेवलं तर कुणीतरी त्यावर पेटी सरकवणार. समोरच्या काकूंनी सुरतेपर्यंत धीर धरला. मग विचारलंच, "बेटा, ये कोई पूजा का है क्या?" मी म्हटलं, "जी, समझ लीजिए."

मंडळाच्या जूनमधल्या पहिल्या बैठकीत 'सुट्टीत काय वाचलंस' असं प्रत्येकाला विचारलं गेलं, तेव्हा मी खाली मान घालून बसले होते. कारण मी काहीच वाचलं नव्हतं. बावीस दिवस एका गाडीचं आतलं काम करत होते. नंतर संपादकांना हे कळल्यावर त्या म्हणाल्या, मग तेच लिही. लिहायला घेतलं, पण तेव्हा ते पुरं होईना, कारण गोष्ट अजून संपलीच नव्हती. आता संपली आहे.

मी इंदूरची. माझ्या मराठीवरून मंडळात पहिल्या वर्षी बरीच करमणूक झालेली आहे. 'मी येऊन राहिले', 'तो जेवून राहिला' असं बोलणारी माणसं इकडे कुणी ऐकलेली नव्हती. आमचं घर रामबागेत, पणजोबांच्या वेळचं, पुढे अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये आजोबांची फियाट. घरात तिला पद्मिनी कुणी म्हटलंच नाही. १९६४ पासून ती फियाट ११०० डिलाइट म्हणून निघत होती, १९७४ मध्ये चितोडच्या राणीचं नाव तिला दिलं गेलं, पण आमच्याकडे ती फियाटच राहिली.

आजोबा मिलमध्ये वीव्हिंग मास्टर होते. इंदूर हे एकेकाळी मिलींचं गाव होतं, हे आता बाहेरच्यांना सांगावं लागतं. एकेक करून त्या बंद पडल्या. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली आणि तिथल्या कामगारांना थकलेले पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. आजोबा दुसऱ्या मिलमध्ये होते, पण गोष्ट सगळीकडे तीच. मिल गेली तरी गाडी राहिली. २००९ मध्ये आजोबा गेले आणि मग ती जी शेडमध्ये उभी राहिली, ती उभीच. मी तेव्हा पाच वर्षांची होते. गाडीची माझी आठवण एकच, मधल्या जागेची. या गाडीचा गिअर स्टीअरिंगच्या दांड्याला असतो आणि पुढची सीट बाकासारखी सलग, त्यामुळे आजोबा आणि आजी यांच्या मधे एक मूल सहज बसायचं. ते मूल मी. माझ्या आधी बाबा होते, काका होते, आत्या होती. मधल्या जागेवरून मारामाऱ्या झालेल्या आहेत.

दोन वर्षांपूर्वी आत्येभावाला हुक्की आली. त्यानं इंजिन काढलं, बांधलं, पत्र्याचं काम आणि रंग करून घेतला, कागदपत्रांचं नूतनीकरणसुद्धा केलं. मग त्याला बंगळूरला नोकरी लागली. गाडी बाहेरून चकचकीत, आणि दार उघडलं की आत नुसता पत्र्याचा डबा. सीटा अंगणात, दारांच्या आतल्या फळ्या जिन्याखाली, स्क्रू श्रीखंडाच्या डब्यात.

त्यातच घर विकायचं ठरलं. तीन भावंडांचा हिस्सा, बिल्डरचा प्रस्ताव, दिवाळीपर्यंत रिकामं करून द्यायचं. बाबांनी जो फ्लॅट घेतला त्याला पार्किंग एकच, आणि ते रोजच्या गाडीला. बाबा म्हणाले, "पूर्ण झाली तर चांगल्या माणसाला विकू. नाही झाली तर भंगारवाला किलोनं नेईल." चांगला माणूस त्यांनी हेरूनही ठेवला होता. रतलामचे एक गृहस्थ, जुन्या गाड्यांचा शौक असलेले. २०२१ पासून आपल्याकडे पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. आमची गाडी २०२६ मध्ये पन्नाशीची होणार. त्यांना तेवढ्यासाठीच ती हवी होती, आणि त्यांचा आग्रह एकच होता, सगळं ओरिजिनल पाहिजे. खरं म्हणजे तो नियम चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको म्हणतो. बैठकीबद्दल काही म्हणत नाही. पण शौकीन माणसाचा नियम सरकारपेक्षा कडक असतो.

आजीला विकण्याचं सांगितलेलं होतं. ती एवढंच म्हणाली, "बरं."

ओरिजिनल म्हणजे काय हे मला डिसेंबरच्या सुट्टीतच समजायला हवं होतं. तेव्हा आम्ही पुढची सीट उसवली. 'आम्ही' म्हणजे सियागंजच्या मागच्या गल्लीत गाड्यांच्या सीटा शिवणारे एक चाचा आणि मी. चाचांचं वय सत्तरीच्या पुढे, चश्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. त्यांनी ब्लेडनं शिवण कापत नेली आणि एकेक थर निघायला लागला.

वर मरून मखमल. ती १९९८ ची, बाबांच्या लग्नातली. बाबांना वाटलं होतं नवरी मखमलीवर बसून यावी. आईचं म्हणणं, मेमधल्या लग्नात मखमलीवर बसवलं हाच पहिला छळ. मखमलीखाली तपकिरी रेक्झिन, काका लहान असताना त्यानं सीटवर रॉकेलचा डबा सांडला होता तेव्हा बदललेलं. त्याला नाक लावलं तर वास अजून येतो असं मला वाटलं. चाचा म्हणाले, तो फक्त जुन्या सरसाचा वास. त्याच्याखाली कापड. जाडंभरडं सुती कापड, राखाडी-निळ्या पट्ट्यांचं, सीटलाच शिवून टाकलेलं. त्याच्या कडेला मिलच्या शिक्क्याची अर्धी अक्षरं होती. आणि त्याच्याखाली, घडीच्या आत, ऊन न लागलेलं कंपनीचं रेक्झिन. फिकट आकाशी. पुढे गोणपाट, काथ्या, स्प्रिंगा. ड्रायव्हरच्या बाजूच्या दोन स्प्रिंगा तुटून बसलेल्या होत्या. आजोबा तीस वर्षं जिथं बसले तिथं खड्डा होता, आणि त्यामुळे सगळी सीट त्या बाजूला कललेली.

मला आनंद झाला तो आकाशी तुकड्याचा. सापडलं, म्हटलं. ओरिजिनल सापडलं. मी तो तुकडा पाकिटात घालून मुंबईला आणला. मिलच्या कापडाची चिंधी चाचांनी मशीन पुसायला घेतली, आणि मी ती घेऊ दिली. हे लिहिताना अजूनही लाज वाटते.

जानेवारी ते एप्रिल मी कॉलेज सुटलं की शोधाशोध करत होते. ही गाडी जिथं जन्मली तिथंच तिचे अवशेष मिळतात. कुर्ल्याला प्रीमियरचा कारखाना होता. त्या जागेवर आता उंच इमारती आहेत, पण सीएसटी रोडच्या भंगाराच्या दुकानांत पद्मिनीचं हवं ते सापडायचं. सापडायचं, कारण टॅक्स्या मोडीत निघत होत्या. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या रस्त्यावरून गेल्या. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी त्या दिवशी फोटो टाकले होते. मी दाराची हँडलं विकत घेत होते. एका दुकानात टॅक्सीच्या छताचं एक कापड टांगलेलं होतं, त्यावर मोर, हत्ती, लोकलगाडी अशी सगळी मुंबई. २०१५ च्या सुमारास 'टॅक्सी फॅब्रिक' नावाच्या उपक्रमात तरुण चित्रकारांनी टॅक्सीच्या सीटा आणि छतं सजवली होती. हे त्यातलं की त्याची नक्कल, कोण जाणे. दुकानदार म्हणाला, "हे घ्या ना, भारी दिसेल." मी त्याच्याकडे तुच्छतेनं पाहिलं. मला ओरिजिनल हवं होतं! आकाशी तुकडा दाखवत मी पाच दुकानं फिरले आणि सहाव्यात जवळपास तोच रंग मिळाला.

मेच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू झालं. चाचा सकाळी सातला यायचे आणि दहाला जायचे, कारण नंतर उन्हानं चिकटवायचं सोल्यूशन ब्रशवरच सुकायचं. पहिल्याच दिवशी मी उत्साहानं सीटचा सांगाडा घासायला घेतला. चाचा म्हणाले, "सीट सबसे आखिर में, बेटा. जो छुपना है, वो पहले." जे झाकलं जाणार आहे ते आधी. हे वाक्य नंतर बावीस दिवस मी ऐकलं.

आधी तळ. गंज घासायचा, प्रायमर मारायचा, मग डांबरी शीटचे तुकडे ऊन देऊन मऊ करायचे आणि पत्र्यावर दाबून बसवायचे. त्यानं आवाज आणि उष्णता दोन्ही अडतात. इंदूरच्या मेमध्ये ऊन द्यायला वेगळं काही करावं लागत नाही. शीट ओट्यावर ठेवली आणि चहा घेतला की झालं. मग वायरी. मग छत.

छताबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण तिथं मी पाच दिवस घालवले. या गाडीचं आतलं छत म्हणजे ताणलेलं कापड. त्याच्या वरच्या बाजूला आडव्या नळ्या शिवलेल्या असतात आणि प्रत्येक नळीतून एक लोखंडी कमान जाते. कमानीची टोकं दोन्ही बाजूंच्या पत्र्यात अडकतात. कापड आधी मधोमध बसवायचं, मग पुढे आणि मागे ताणत न्यायचं, कडा चिकटवायच्या, चिमटे लावायचे, पुन्हा सोडायच्या, पुन्हा ताणायच्या. सगळं डोक्यावर हात करून. अर्ध्या तासानं दंड आपले राहत नाहीत. सोल्यूशनचा थेंब डोळ्यात पडू नये म्हणून मी आईचा गॉगल लावला होता, त्यामुळे घाम काचेच्या आत.

प्रत्येक कमानीचा बाक वेगळा असतो. डिसेंबरमध्ये काढताना मी शहाणपणानं प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून आकडे घातले होते. नंतर गंज काढायला त्या रॉकेलमध्ये बुडवल्या, आणि चिकटपट्ट्या रॉकेलमध्ये राहिल्या. आकडे वाहून गेले. मी अंदाजानं लावल्या. छत बसलं, पण मागच्या बाजूला अशी सुरकुती की जणू कुणी कपाळाला आठी घातली आहे. चाचांनी बराच वेळ वर बघितलं. मग म्हणाले, "दूसरी और तीसरी बदल गई." सगळं उतरवलं. पुन्हा चढवलं. तोवर सोल्यूशनचा पहिला थर कापडाला लागून डाग पडला होता. तो मागच्या काचेच्या वर आहे, शोधलात तर दिसेल. आणि हे सगळं नीट झाल्यावर बाबांनी डोकावून विचारलं, "आतल्या दिव्याची वायर कुठं आहे?" वायर छताच्या वर राहून गेली होती. जो छुपना है, वो पहले! कडेची एक बाजू पुन्हा सोडली. चाचा रागावले नाहीत, फक्त पोह्यांवर शेव जास्त घालून मागितली.

बाबांना हा सगळा प्रकार थोडा हास्यास्पद वाटत होता. "होळकरांची गाडी आहे का ही?" असं ते येता-जाता म्हणायचे. होळकरांच्या गाड्या हा इंदुरी घरातला जुना विषय आहे. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्युसेनबर्गची चासी घेऊन तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून दोनच माणसांची लांबलचक बॉडी बांधून घेतली होती. ती गाडी आता परदेशात. पण मला त्या दिवसांत गाडीपेक्षा त्यांच्या माणिकबागेची आठवण यायची. तो राजवाडा एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकारानं आतल्या सामानासकट रचला होता, दिवे, कपाटं, खुर्च्या, सगळं त्या खोल्यांसाठी. आयलीन ग्रेची खुर्ची, ल कॉर्ब्युझिएच्या स्टुडिओतली आरामखुर्ची अशा वस्तू तिथं होत्या. १९८० मध्ये मोनॅकोत त्यातल्या फर्निचरचा लिलाव झाला. खुर्च्या आता ज्यांच्याकडे असतील त्यांच्याकडे असतील, आणि माणिकबागेत केंद्रीय कर खात्याचं ऑफिस आहे. बाबा एकदा कामासाठी तिथं गेले होते. कसं आहे आत, असं मी विचारलं. "आत? टेबलं, फायली. ऑफिससारखं ऑफिस."

काच बसवण्याचा दिवस मात्र मजेचा. छताच्या कापडाची पुढची कड काचेच्या रबराखाली जाते, म्हणून छत आधी आणि काच नंतर. माझा गळ्यातला हार काचेभोवती चढवला, त्याच्या आतल्या खाचेत सगळीकडून सुतळी फिरवून दोन्ही टोकं आत सोडली, साबणाचं पाणी लावलं. बाहेरून चाचा आणि बाबा तळहातानं काच दाबतात, आतून मी सुतळी हळूहळू ओढते, आणि सुतळी निघेल तसं रबराचं ओठ पत्र्याच्या आत उलटून बसत जातं. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत 'चुप् चुप्' असा आवाज. शेवटचं टोक हातात आलं तेव्हा मी ओरडलेच. आजी ओट्यावरून म्हणाली, "काय, फुटली का?"

दारांच्या फळ्या, हँडलं, गालिचा, डॅशबोर्ड हे सगळं त्या मानानं पटकन झालं. फळ्या हार्डबोर्डच्या असतात आणि पावसाच्या पाण्यानं फुगतात. जुनी फळी ठेवून नवी कापायची आणि मागं प्लॅस्टिक लावायचं, एवढंच.

मग सीट. स्प्रिंगा चाचांनी बदलून आणल्या होत्या. त्यावर गोणपाट, काथ्या, मग चाळीस डेन्सिटीचा फोम, आणि वर चाचांनी मशीनवर शिवलेली आकाशी खोळ, पांढऱ्या पायपिंगची. खोळ तासभर उन्हात ठेवली म्हणजे रेक्झिन सैल पडतं, मग दोघांनी दोन बाजूंनी ओढायची आणि खालच्या चौकटीला तारेच्या बारीक कड्या पकडीनं आवळायच्या. शेवटची कडी मी आवळली. सीट आत सरकवली, बोल्ट लावले. एक सुरकुती नाही. कंपनीतून निघाली तेव्हा अशीच दिसली असेल, असं मी म्हटलं, आणि आजीला हाताला धरून आणलं.

आजीनं दार उघडलं. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हा रंग कुणाच्या गाडीचा गं?"

"आजी, आपल्याच. ओरिजिनल आहे हा. सगळ्यात खालचा."

"असेल. मी नाही बघितला."

मग तिनं सांगितलं. गाडी आली तेव्हा ती माहेरी, उज्जैनला होती, आत्याच्या वेळची. जूनमध्ये परत आली तोवर आजोबांनी सीटला मिलचं कापड शिवून घेतलं होतं, कारण उन्हात रेक्झिन असं तापायचं की बसवत नसे. ठाणाच्या शेवटी उरलेले तुकडे त्यांना मिलमधून स्वस्तात मिळायचे. आमच्या घरच्या उशांचे अभ्रे, खिडक्यांचे पडदे आणि गाडीची सीट बरीच वर्षं एकाच कापडाची होती. "शेजारची मुलं हसायची," आजी म्हणाली, "अंथरुणासकट फिरायला निघाले म्हणून."

मी उभीच राहिले. ज्या रंगासाठी मी सहा दुकानं फिरले, तो आमच्या घरात आजोबांखेरीज कुणी धड पाहिलाही नव्हता, आणि त्यांनी तो पाहिल्याबरोबर झाकला होता. काकाला तपकिरी आठवत होतं. आईला मखमल. मला तर रंगच आठवत नव्हता, मला फक्त दोन बाजूंना दोन माणसं आठवत होती. आजीची गाडी पट्ट्यांची होती. आणि ती पट्ट्यांची चिंधी चाचांच्या मशीनखाली तेल पुसून पुसून केव्हाच संपली होती; मी दुसऱ्या दिवशी जाऊन विचारून आले.

बाबा म्हणाले, आता काही बदलू नका, ते गृहस्थ ऑगस्टमध्ये येणार आहेत. त्यांचं बरोबर होतं. पैसे लागणार होते, फ्लॅटचे हप्ते होते. तरी मी आजीला घेऊन रिक्षानं एम. टी. क्लॉथ मार्केटला गेले. तुकोजीराव महाराजांच्या नावाचं हे मार्केट, आजी इथं चाळीस वर्षांनी येऊन राहिली होती आणि गल्ल्या मला दाखवत होती. तसं कापड अर्थातच मिळालं नाही. चार दुकानं उलगडून झाल्यावर पाचव्यानं गादीपाट काढला, राखाडी-निळ्या पट्ट्यांचा. आजीनं तो अंगठा आणि बोट यांच्यात चोळला. "पातळ आहे," ती म्हणाली. "चालेल."

या वेळी सीटला शिवलं नाही. घरच्या मशीनवर आजीनं नाड्यांचं, काढता-घालता येणारं कव्हर शिवलं. माप मी घेतलं, त्यामुळे ड्रायव्हरच्या बाजूला ते थोडं मोठं झालं. आजी म्हणाली, राहू दे, तिकडची बाजू नेहमीच सैल असायची.

माझ्या परतीच्या आदल्या रविवारी पहाटे सहाला आम्ही निघालो. बाबा स्टीअरिंगवर. त्यांनी पंधरा वर्षांत हा गिअर टाकला नव्हता. हात जरा चाचपडला, मग त्याचा त्यालाच आठवला. खिडकीशी आजी. मधे मी, वय वर्षं वीस, गुडघे छातीशी. रामबागेतून राजवाड्याला वळसा घालून छावणीकडे. क्रिश्चन कॉलेजवरून जाताना बाबांनी सवयीनं सांगितलं की किशोरकुमार इथं शिकला, आणि आजीनं सवयीनं 'माहीत आहे' म्हटलं. रस्ते नुकते धुतलेले होते. नवीन फोममुळे आजी पूर्वीपेक्षा चार बोटं वर बसली होती आणि तिला बॉनेटच्या पुढचं दिसत होतं, हे तिला फारसं आवडलेलं दिसलं नाही.

मी बघत होते ती तिचा डावा हात. तिनं दाराचं हँडल घट्ट धरलं होतं. सीट आता सपाट होती, पाण्याची पातळी लावून तपासलेली, खड्डा भरलेला. तरी प्रत्येक वळणाला ती हँडल ओढून स्वतःला आपल्या जागेवर ठेवत होती, म्हणजे पलीकडे घसरायला नको.

"आजी, आता घसरत नाही," मी म्हटलं.

"अगं हो," ती म्हणाली, आणि हात सोडला. पलासियाच्या चौकात बघितलं तर पुन्हा धरलेला.

ऑगस्टमध्ये रतलामचे गृहस्थ आले. मी मुंबईत होते, बाबांनी फोनवर सांगितलं. ते सज्जन होते. त्यांनी कव्हराच्या नाड्या सोडून आतलं आकाशी रेक्झिन बघितलं, छताचा डागही बघितला, फार खूश झाले, घासाघीस केली नाही. निघताना बाबांनी कव्हर घडी घालून त्यांना दिलं, तर म्हणाले, याची गरज नाही, राहू द्या.

दिवाळीला मी गेले ती नव्या फ्लॅटवर. तिसरा मजला, लिफ्ट आहे. आजीच्या खोलीत दिवाण आहे आणि त्यावर ते कव्हर. लांबीला जवळजवळ बरोबर होतं, पण एका बाजूला ढिलं पडतं, म्हणून तिनं तिकडे नाड्या दोनदा गुंडाळून बांधल्या आहेत.